कार्यालयातल्या लग्नाचं अंदाजपत्रक: सुरुवात पानं मोजून करा

लग्न झाल्यावर "खर्च हाताबाहेर गेला" असं सांगणाऱ्या घरांचा हिशेब मी पुन्हा मांडून बघतो, तेव्हा दर सहसा बरोबर निघतात. चुकलेली असतात ती पानं. चारशे माणसं येणार, पानाचा दर ४८० रुपये, म्हणजे जेवणाला दोन लाखांच्या आत, असं गणित वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. सीमांत पूजनाचं रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, बसवाल्यांचं आणि फोटोग्राफरचं जेवण, परतीच्या वऱ्हाडाबरोबर द्यायचे डबे यांचा त्यात पत्ताच नसतो. ही पानं शेवटच्या दिवशी बिलात येतात आणि तोवर बोलायला काही उरलेलं नसतं.

पान म्हणजे एका माणसाचं एका वेळचं खाणं. पाहुणा एकच असला तरी तो चार पानं घेऊ शकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. उदाहरण म्हणून मी दुपारच्या मुहूर्ताचं आणि आदल्या संध्याकाळी सीमांत पूजन असलेलं शाकाहारी लग्न घेतलं आहे. उदाहरणातले दर फक्त रीत दाखवण्यासाठी आहेत. त्या जागी तुमच्या गावचे दर घाला, पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका. दागिने आणि कपडे यांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा. ते इथे मिसळले की कार्याचा खर्च कुठे वाढला ते कळत नाही.

## पायरी १: दोन्ही घरांनी बसून तीन गोष्टी लिहून काढा

कार्यालय बघायला जाण्याआधी ही बैठक व्हायला हवी. बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. मुहूर्त निघाला की त्याच आठवड्यात घाईघाईने हॉल ठरतो आणि खर्च कोण किती करणार हे सावकाश, थोड्या संकोचाने, अर्धवट बोललं जातं.

पहिली गोष्ट, खर्चाची वरची मर्यादा. दोन्ही घरांनी मिळून जास्तीत जास्त किती रुपये घालायचे तो आकडा लिहा.

दुसरी, वाटणी. "निम्मं निम्मं" म्हणणं सोपं आहे, पण एका बाजूची माणसं १५० आणि दुसरीची ३०० असली की मनात अढी बसते. मला पटलेली रीत अशी: कार्यालय, सजावट, सनई, गुरुजी हा बांधलेला खर्च निम्मा-निम्मा, आणि जेवणाचा खर्च ज्याची जितकी पानं त्याप्रमाणे. फोटो, पार्लर, मानपान ज्याचं त्याने बघावं. तुम्ही दुसरी रीत ठरवलीत तरी हरकत नाही, फक्त ती कागदावर असू द्या आणि दोन्हीकडच्या एकेका माणसाकडे त्याची प्रत असू द्या.

तिसरी, कार्यालयात नेमकं काय काय होणार. ग्रहमख घरी की कार्यालयात? हळद तिथेच? सीमांत पूजन आदल्या दिवशी की त्याच सकाळी? वरात निघणार का? यातला प्रत्येक विधी म्हणजे काही तास, काही खोल्या आणि काही पानं.

तपासा: दोन-तीन मुहूर्त हाताशी आहेत का? तुळशीच्या लग्नानंतरच्या आणि एप्रिल-मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी बरीच कार्यालयं दर चढे ठेवतात. मधल्या वारचा मुहूर्त चालणार असेल तर भाड्याचं बोलणं सोपं जातं.

## पायरी २: माणसांची यादी घराघराने करा

पत्रिका किती छापायच्या त्यावरून माणसं काढू नका. एका पत्रिकेवर कुठे एक माणूस येतो, कुठे सहा. वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक घराला एक ओळ द्या आणि पुढे हे रकाने करा: घरातली माणसं, गाव, येण्याची खात्री, मुक्काम, सीमांत पूजनाचं जेवण, नाश्ता, दुपारचं जेवण.

खात्रीच्या रकान्यात तीनच शेरे लिहा: नक्की, बहुतेक, कदाचित. मामा, आत्या, सख्खे शेजारी हे नक्की. ऑफिसातले सहकारी आणि जुने शेजारी हे बहुतेक. बोलावलं नाही तर बरं दिसणार नाही म्हणून ज्यांना पत्रिका जाते ते कदाचित. मग असं मोजा: नक्की सगळे धरा, बहुतेकमधले पाऊण धरा, कदाचितमधले एक तृतीयांश धरा. हा माझ्या अनुभवातला ठोकताळा आहे. लग्न गावातच असेल तर कदाचितचं प्रमाण वाढतं, कारण गावात आमंत्रण आलं की घरातलं कुणी ना कुणी जेवायला येतंच.

आपल्या उदाहरणात नक्की २४०, बहुतेक १६० आणि कदाचित १८० माणसं आहेत. म्हणजे २४० अधिक १२० अधिक ६०, एकूण ४२०. सगळे मिळून बोलावलेले ५८० आहेत. घाबरून ५८० पानं सांगितली तर अन्न वाया जातं. काटकसर म्हणून ३५० सांगितली तर पंगतीत पाहुणे ताटकळतात.

इथे चूक होते: यादी एकाच माणसाने, आठवेल तशी केलेली असते. वडिलांच्या यादीत आईच्या माहेरची निम्मी घरं नसतात, आणि नवरा-नवरीचे मित्र तर कुणाच्याच यादीत नसतात. यादी घरातल्या चौघांनी वेगवेगळी करावी आणि मग एकत्र करावी.

## पायरी ३: यादीवरून जेवणागणिक पानं काढा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. आदल्या संध्याकाळी कार्यालयाचं दार उघडल्यापासून ते रिकामं होईपर्यंतचा वेळ डोळ्यांसमोर आणा आणि प्रत्येक खाण्यासमोर माणसं लिहा. लग्नाला येणारी, मग राहणारी, मग काम करणारी.

काम करणारी माणसं यादीत कधीच नसतात: फोटोग्राफर आणि त्याचे मदतनीस, सनई-चौघडावाले, सजावटीचे कामगार, बसचे आणि गाड्यांचे चालक, गुरुजी, पार्लरवाली, कार्यालयाचे शिपाई. मध्यम आकाराच्या लग्नातही ही सहज ३० पानं होतात. या माणसांना शेवटी उरलंसुरलं देऊ नये. ती पहाटेपासून उभी असतात. त्यांचं पान अंदाजपत्रकात आधीच लिहिलं की ते मानाने वाढता येतं.

आपल्या उदाहरणाचा तक्ता असा होतो:

- आदल्या दिवशीचा चहा आणि खाणं: ९० पानं × ४० रुपये = ३,६००
- सीमांत पूजनाचं रात्रीचं जेवण: १४० × ३२० = ४४,८००
- लग्नाच्या सकाळचा चहा-नाश्ता: ११० × ११० = १२,१००
- दुपारचं मुख्य जेवण: ४५० × ४८० = २,१६,०००
- दुपारचा चहा: ८० × २५ = २,०००
- परतीच्या प्रवासाचे डबे: ४० × १२० = ४,८००

बेरीज २,८३,३०० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी १४,१६५. एकूण २,९७,४६५.

आता सुरुवातीचं गणित आठवा. ४२० माणसं गुणिले ४८० म्हणजे २,०१,६००. फरक ९५,८६५ रुपयांचा. ना दर वाढला, ना कुणी फसवलं. फक्त सगळी खाणी आणि त्यांवरचा कर लिहून काढला.

नाश्त्याकडे नीट बघा. तो स्वस्त वाटतो म्हणून अंदाजाने सांगितला जातो, आणि नेमका तिथे गोंधळ होतो. एका लग्नात मुक्कामाच्या ६० माणसांचाच नाश्ता सांगितला होता. सकाळी साडेसातला वऱ्हाडाची बस आली, पहाटे चारला निघालेली, आणि ५० माणसं उपाशी उतरली. पोहे वीस मिनिटांत संपले. मग जवळच्या हॉटेलातून इडली-वडे दुप्पट पैशांनी आणावे लागले आणि नवऱ्या मुलाचे काका दिवसभर त्यावरच बोलत राहिले. बस किती वाजता पोचणार हा प्रश्न नाश्त्याच्या रकान्यातला आहे.

पाण्याचाही हिशेब करून ठेवा. २० लिटरच्या जारमध्ये २०० मिलिलीटरचे १०० पेले होतात. ४५० माणसांनी जेवताना दीड ते दोन पेले घेतले तर ७ ते ९ जार फक्त त्या एका जेवणाला. वैशाखात याच्या दुप्पट धरा.

तपासा: प्रत्येक खाण्यासमोर वेळ, माणसं आणि कुठे वाढणार हे तिन्ही लिहिलंय का? एकही रकाना रिकामा असेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## पायरी ४: कार्यालयाचं भाडं म्हणजे नेमकं काय ते विचारा

आता पानांचा तक्ता घेऊन कार्यालय बघायला जा. पहिली नजर स्टेजवर न टाकता भोजनगृहावर टाका. एका पंगतीत किती माणसं बसतात? ४५० पानांना १५० ची पंगत म्हणजे तीन पंगती, आणि आवराआवरी धरून दर पंगतीला पाऊण तास. मुहूर्त १२.३० चा असेल तर शेवटची पंगत उठायला तीन वाजून जातात. तुमचं भाडं चार वाजता संपत असेल तर विदाईची वेळ आणि खोल्या रिकाम्या करायची वेळ एकच येते. पंगतीबरोबर बुफेची एक रांग ठेवली की हा ताण बराच हलका होतो.

मग हे प्रश्न एकेक करून विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या:

भाडं किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि वर लागणाऱ्या तासाला किती? किती खोल्या त्यात धरल्या आहेत, गाद्या-उशा-चादरींचे पैसे वेगळे का? वीज मीटरप्रमाणे की ठोक, आणि मीटरप्रमाणे असेल तर युनिटला काय दर? जनरेटरचं डिझेल कुणाचं? साफसफाई आणि कचरा उचलण्याचे पैसे? भांडी आणि टेबल-खुर्च्या मोजून मिळतात का, हरवल्यास काय? बाहेरचा केटरर किंवा सजावटवाला आणला तर कार्यालय रॉयल्टी घेतं का, आणि किती? लग्न रद्द झालं किंवा तारीख बदलली तर इसाराचं काय?

रॉयल्टीचा प्रश्न विसरू नका. भाडं स्वस्त दिसणाऱ्या काही कार्यालयांत त्यांच्याच यादीतला केटरर घ्यावा लागतो, नाहीतर दर पानामागे ठराविक रक्कम द्यावी लागते. ती धरली की स्वस्त कार्यालय महाग ठरू शकतं.

आपल्या उदाहरणात भाडं १,१०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १९,८००. वीज ९,०००, साफसफाई ६,०००, डिझेल ४,०००. एकूण १,४८,८००. अनामत २५,००० वेगळी. अनामत परत येते, म्हणून ती खर्चात धरू नका. पण त्या दिवशी खिशातून जाते, म्हणून रोख रकमेच्या नियोजनात ती हवीच.

सावधान: खुल्या लॉनवर कार्य असेल तर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे हे लक्षात ठेवून कार्यक्रम आखा. रात्री साडेअकरापर्यंत ऑर्केस्ट्रा ठरवून पैसे दिलेत आणि तो दहाला बंद झाला, तर ते पैसे परत मिळत नाहीत. पावसाच्या दिवसांत लॉनबरोबर आतला हॉल मिळणार का, तेही लेखी घ्या.

## पायरी ५: केटररचं कोटेशन पदार्थांसह लिहून घ्या

तीन केटररांकडे जा, पण तिघांनाही एकच यादी द्या. नाहीतर एकाच्या दरात जिलबी अमर्याद, दुसऱ्याच्या दरात माणशी दोन नग, आणि तुम्ही ४५० व ४८० या आकड्यांची तुलना करत बसता. यादीत प्रत्येक पदार्थ लिहा: साधा भात, वरण, तूप, मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पुरी, भजी, कोशिंबीर, चटणी, पंचामृत, जिलबी, मठ्ठा. गोड दोन असतील तर दोन्ही. आग्रह होणार की मोजून वाढणार, तेही.

दर ठरवताना पुढच्या गोष्टी कोटेशनवर आल्या पाहिजेत.

हमीची पानं. हमी म्हणजे माणसं कमी आली तरी ज्यांचे पैसे द्यावेच लागतात तो आकडा. अंदाज ४५० असला तरी हमी ४५० ची देऊ नका. मी ४१० ची देईन आणि असं लिहून घेईन की त्यावर १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४५१ पर्यंत, त्याच दराने पानं मिळतील. त्याहून जास्त लागणार असतील तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं.

कुणाची पानं मोजायची नाहीत. केटररचे स्वतःचे वाढपी आणि आचारी तुमच्या हिशेबात येता कामा नयेत. लहान मुलांचं अर्धं पान धरायचं का आणि किती वयापर्यंत, तेही आत्ताच ठरवा.

वाढपी किती. पंगतीला साधारण २० माणसांमागे एक वाढपी हवा. कमी असले की भात येतो तेव्हा वरण संपलेलं असतं.

उरलेलं अन्न कुणाचं. तुम्ही पानांचे पैसे दिलेत, पण केटररने जादा रांधलेलं असू शकतं. दोघांनी आधी बोलून ठेवा.

परवाना. केटररकडे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक असायला हवा. मागायला संकोच करू नका, चांगला केटरर तो कोटेशनवरच छापतो.

आचारी लावून सामान स्वतः आणायचा बेत असेल तर: ही रीत मला आवडते, चव हमखास आपल्या घरची राहते. पण ती स्वस्त पडेल असं गृहीत धरू नका. आचाऱ्याने दिलेल्या शिध्याच्या यादीपुढे हे खर्च जोडा: भाजी चिरणाऱ्या बायका, वाढपी, भांडी घासणारे, भांड्यांचं भाडं, बर्फ, पाणी, पत्रावळी, टेम्पो आणि गॅस. गॅससाठी १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडरच लागतात, घरगुती १४.२ किलोचे वापरणं नियमात बसत नाही. कोठीघराची किल्ली एकाच विश्वासू माणसाकडे द्या. तो माणूस लग्न बघणार नाही हे धरून चला, आणि त्याला तसं आधी सांगा.

## पायरी ६: बाकीचे खर्च भरा

हे मी भरभर सांगतो, कारण यात आकडे कळलेले असतात आणि चुका थोड्या होतात. उदाहरणात सजावट करासह ८८,५००, फोटो-व्हिडिओ ७०,०००, गुरुजी आणि पूजेचं साहित्य १८,०००, सनई आणि ध्वनिक्षेपक २२,०००, फेटे ६० नग ९,०००, बस चालकभत्त्यासह २०,०००, बाहेरच्या १२ खोल्या करासह २५,२००, पत्रिका आणि टपाल १२,०००, मानपान आणि आहेर ६०,०००, पार्लर ३०,०००, बक्षिसी ८,०००.

दोन ठिकाणी थांबा. फेट्यांचा दर नगावर असतो आणि लग्नाच्या सकाळी "मलाही बांधा" म्हणणारे दहा-पंधरा जण निघतातच. संख्या फेटेवाल्याला सांगा आणि यादी एका करवलीच्या हातात द्या. दुसरं, फोटोग्राफरच्या दरात अल्बम धरला आहे का, किती पानांचा, आणि मूळ फोटो पेनड्राइव्हवर मिळणार का.

## पायरी ७: करांसह बेरीज करा, मग राखीव रक्कम घाला

तोंडी सांगितलेला दर जवळपास नेहमी कराशिवायचा असतो. कार्यालयाच्या भाड्यावर आणि सजावटीवर १८ टक्के, केटरिंगवर सर्वसाधारणपणे ५ टक्के, दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या हॉटेलच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. महागड्या खोल्यांच्या मोठ्या हॉटेलात कार्य असेल तर जेवणावरही १८ टक्के लागतात. कार्यालय आणि जेवण एकाच पॅकेजमध्ये असेल तर कराचं गणित बदलतं, म्हणून दोन्ही रीतींनी कोटेशन मागा. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या व्यावसायिकाला तुमच्याकडून हा कर घेता येत नाही. बिलावर १५ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

उदाहरणाची बेरीज ८,०८,९६५ होते. त्यावर सुमारे ८ टक्के, म्हणजे ६५,००० राखीव. एकूण ८,७३,९६५. राखीव रकमेला हात कुणी लावायचा ते दोन्ही घरांतल्या एकेकाने ठरवायचं. ती रक्कम "थोडी जास्त फुलं घेऊ" यासाठी नाही. अचानक वाढलेली पानं, बंद पडलेली गाडी, डॉक्टर, जादा तासाचं भाडं यांसाठी ती आहे.

बेरीज मर्यादेबाहेर गेली तर कुठे कापायचं? माझं मत स्पष्ट आहे: आधी कदाचितची घरं, मग सजावट, मग पदार्थांची संख्या. पदार्थाची प्रत आणि पाणी यांत कधीही कापू नका. सतरा पदार्थांतले चार कमी झाले तर कुणाच्या लक्षात येत नाही. गार पुरी आणि पातळ वरण मात्र वर्षानुवर्षं आठवतं. कापताना दर पाडायच्या मागे लागू नका. ४८० चा दर घासाघीस करून ४२० वर आणलात, तर केटरर ते साठ रुपये तेलात, तुपात किंवा वाढप्यांच्या संख्येत वसूल करतो. ४८० च्याच दराने ४० पानं कमी करा, १९,२०० रुपये आणि वर कर वाचतो.

तपासा: वहीत प्रत्येक खर्चासमोर चार रकाने आहेत का: अंदाज, कोटेशन, दिलेले, बाकी?

## पायरी ८: पैसे कधी आणि कसे द्यायचे ते ठरवा

इसार देताना पावती घ्या, आणि पावतीवर तारीख, मुहूर्ताची वेळ आणि ठरलेली एकूण रक्कम लिहून घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका. इसार, मग आठ दिवस आधी मोठा हप्ता, आणि किमान २० ते २५ टक्के कार्य झाल्यावर, पानांचा हिशेब जुळल्यावर.

आयकर कायद्यानुसार एका कार्याच्या संबंधात एका व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाहीत. हप्ते पाडून दिले तरी कार्य एकच धरलं जातं. दंड घेणाऱ्याला होतो, पण तुमची पावती अडकते. मोठ्या रकमा चेकने किंवा बँकेतून पाठवा.

लग्नाच्या दिवशी सगळं यूपीआयने देऊ, असं म्हणणारे दुपारी दोनला अडकतात, कारण साधारणपणे दिवसाला १ लाखाची मर्यादा असते. त्या दिवशी द्यायच्या रकमा लिहून त्या दोन-तीन खात्यांत वाटून ठेवा. बक्षिसी आणि दक्षिणेसाठी १००, २०० आणि ५०० च्या नोटांची पाकिटं आदल्या रात्री नावं घालून तयार करा.

## पायरी ९: पानं त्याच जागी, त्याच वेळी मोजा

आठ दिवस आधी "बहुतेक" आणि "कदाचित"वाल्या घरांना फोन करा. "यायचं हं!" एवढं म्हणून थांबू नका. "किती जण येताय आणि आदल्या दिवशी की लग्नालाच?" हे विचारा. आकडे बदला आणि केटररला नवा आकडा लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना, कळवा.

लग्नाच्या दिवशी पानं मोजायला तीन माणसं लागतात: दोन्ही घरांचा एकेक आणि केटररचा व्यवस्थापक. बुफेत सुरुवातीला मांडलेली ताटं मोजा, शेवटी उरलेली मोजा, वजाबाकी करा. मध्ये ताटं धुऊन पुन्हा मांडली जात असतील तर प्रत्येक वेळचा आकडा लिहा. पंगतीत पानं मांडली की ओळी गुणिले एका ओळीतल्या जागा करा आणि रिकाम्या राहिलेल्या जागा वजा करा. प्रत्येक जेवण संपल्यावर तिघांनी वहीत सही करायची. नाश्त्याचीसुद्धा.

हे केलं नाही तर काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. एका घरात संध्याकाळी केटररने ५४० पानं सांगितली. घरच्यांच्या मते ४५० च्या वर माणूस नव्हता. दोघांकडेही पुरावा नव्हता. मुलीची विदाई चालू असताना तिचे वडील भटारखान्याच्या दारात उभे राहून वाद घालत होते. शेवटी ४९५ वर तोडगा निघाला, पण मुलगी गाडीत बसली तेव्हा ते तिथे नव्हते. पानं मोजायला मुलीच्या वडिलांना कधीही बसवू नका. तिच्या काकांना किंवा मावसभावाला बसवा.

## पायरी १०: आठ दिवसांत हिशेब बंद करा

कार्यालय सोडताना भांडी, गाद्या, खुर्च्या मोजून द्या आणि मीटरचा आकडा फोटो काढून ठेवा. तसाच फोटो आदल्या दिवशी ताबा घेतानाही काढलेला हवा, नाहीतर शेवटच्या आकड्याचा उपयोग नाही. अनामत त्याच दिवशी परत मिळणार नसेल तर तारीख पावतीवर लिहून घ्या.

मग दोन्ही घरांनी एकदा बसायचं. बैठकीतला वाटणीचा कागद, सह्या केलेली पानांची वही आणि बिलं समोर ठेवायची. चौथा रकाना, "बाकी", शून्यावर आला की दोघांनी खाली सही करायची. लग्नाला महिना झाला की कुणालाच काही आठवत नाही. पूजेच्या आणि मांडव परतण्याच्या गडबडीत हे पुढे ढकललं जातं, म्हणून बसायची तारीख लग्नाआधीच ठरवून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.